गळकी तोटी

मोरींतील तोटी दर सेकंदास एक थेंब गाळूं लागली, तर घरांत तिच्याकडे कोणाचें फारसें लक्ष जात नाहीं. परंतु विद्यार्थ्यांनीं एकदां गणित मांडून पाहावें. एका दिवसाचे सेकंद 86,400. सुमारें 4,000 थेंबांचें एक लिटर होतें असें धरिलें, तर अहोरात्र 21 लिटरांहून अधिक पाणी वाहून गेलें. म्हणजे भरलेली मोठी बादलीच. कोलार नदीच्या कांठीं वसलेल्या आपल्या सावनेरांत वैशाखाच्या दिवसांत या बादलीचें मोल काय, हें ज्या माउलीस टाकीचा तळ पाहावा लागतो तिलाच विचारावें.

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या घरच्या अशाच एका जुन्या पितळी तोटीनें आम्हांस दोन दिवस झुंजविलें. त्या निमित्तानें तिची अंतर्रचना नीट न्याहाळतां आली, ती येथें सांगतों.

ही पेंचाची तोटी इंग्लंडांतील रॉदरहॅम येथील गेस्ट आणि क्राइम्स या कारखान्यानें 1845 सालीं पेटंट घेऊन प्रचारांत आणिली. मूठ फिरविली कीं दांडा आट्यांवरून खालीं सरकतो, आणि त्याच्या टोंकाची रबरी चकती (बाजारांत तिला वायसर म्हणतात) पितळेच्या वाटोळ्या बैठकीवर दाबून बसते. पाण्याची पातळी तोटीपासून 3 मीटर उंच असेल, तर दाब दर चौरस सेंटिमीटरास सुमारें 300 ग्रॅम येतो. अर्ध्या इंचाच्या छिद्राचें क्षेत्रफळ सव्वा चौरस सेंटिमीटरच्या आसपास. म्हणून चकतीवर पाण्याचा जोर 400 ग्रॅमांहूनही कमी. एवढा भार थोपविण्यास, हाताशीं पेंचासारखें यंत्र असतां, मनगटाची सारी शक्ति कशास हवी? तरीहि तोटी गळूं लागली कीं घरोघरीं ती अधिकच आवळली जाते. बैठकीची कड रबरांत रुतते, खांच पडते, आणि गळती वाढते.

दुरुस्तीपूर्वीं पाण्याचा मुख्य कॉक बंद करावा, व मोरीच्या तोंडांत फडकें कोंबावें, नाहीं तर बारीक स्क्रू गटारांत जाऊन बसतो. मग वरचा नट पान्यानें सोडवावयाचा. खरा त्रास येथेंच. वर्षानुवर्षें न हललेला नट सहसा दाद देत नाहीं. अशा वेळीं पान्यावर लोंबकळूं नये. कढत पाण्यांत भिजविलेलें फडकें नटाभोंवतीं गुंडाळून थोडा वेळ ठेवावें. पितळ तापून किंचित् प्रसरण पावतें व नट सैल होतो. दुसऱ्या हातांतील पान्यानें तोटीचें अंग घट्ट धरावयास विसरूं नये. तें न धरिल्यास भिंतींतील लोखंडी नळ पिळला जातो, आणि गंजलेले आटे आंतल्या आंत तुटले तर भिंत फोडावी लागते.

आम्ही नवी चकती बसविली, तरी थेंब कायम! जुनी चकती उलट करून पाहिली, दुकानांतून आणखी एक आणिली, फळ तेंच. शेवटीं विजेरीचा उजेड पाडून आंत पाहिलें, तेव्हां बैठकीवर पांढरें खरबरीत कवच दिसलें. आमच्या कूपनलिकेचें पाणी जड आहे. त्यांत विरघळलेला चुना पाणी सुकतांच खडूसारखा मागें राहतो. खडूवर आम्ल पडलें कीं तो फसफसून विरघळतो, हें विद्यार्थी प्रयोगशाळेंत पाहतातच. काडीला चिंधी गुंडाळून, लिंबाच्या रसांत भिजवून बैठकीवर दाबून धरिली, मग हळू घासली. असें तीनचारदां केल्यावर पितळ उघडें पडलें. त्या रात्रीं तोटीखालीं वाटी ठेविली. पहाटे ती कोरडी होती. पितळासच खड्डे पडले असते, तर मात्र बैठक घासण्याचें हत्यार असलेल्या कारागिरास बोलाविणें भाग होतें.

तोटी उघडी असतांनाच दांड्याजवळून पाणी झरत असेल, तर चकतीचा दोष नव्हे. तेथील दोरा बदलावा. आणि अलीकडे पाव फेऱ्यांत उघडणाऱ्या ज्या तोट्या मिळतात, त्यांपैकीं पुष्कळांत रबरी चकतीऐवजीं चिनीमातीच्या दोन गुळगुळीत चकत्या असतात. त्या बिघडल्यास बहुधा आंतला भाग अख्खा बदलावा लागतो. तो आणावयास जातांना जुना भाग खिशांत घेऊन जावें, कारण एका बनावटीचा भाग दुसऱ्या तोटींत बसेलच असें नाहीं.