कुत्र्यांचा संधिवात आणि घरगुती उपाय

प्रश्न : दहा वर्षांच्या लॅब्रॅडॉर कुत्रीला सकाळी उठताना त्रास होतो. हळद, माशाचे तेल यांसारख्या नैसर्गिक उपायांनी तिला आराम पडेल का?

उत्तर : वयस्क कुत्र्यांचा संधिवात बहुधा अस्थिसंधिवात असतो, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चेचे आवरण झिजून सांध्यात दाह होतो. ही झीज भरून निघत नसली, तरी वेदना कमी करता येतात. त्यासाठी वजन उतरवण्याइतका परिणामकारक नैसर्गिक उपाय दुसरा नाही : २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लठ्ठ कुत्र्यांचे वजन सुमारे ६ टक्क्यांनी घटल्यावर त्यांचे लंगडणे लक्षणीय कमी झाले, म्हणून पोळीचे तुकडे आणि बिस्किटे आधी बंद व्हावीत, तेलाचा विचार त्यानंतर. माशाच्या तेलातील ओमेगा-३ स्निग्धाम्ले दाह कमी करतात आणि त्यांना पुराव्याचा बऱ्यापैकी आधार आहे. मात्र त्याचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात, आणि मात्रा वजनानुसार पशुवैद्याने ठरवावी, कारण जास्त तेलाने जुलाब होतात. हळदीतील कर्क्युमिन आतड्यांतून फारच कमी शोषले जात असल्याने तिच्यावर भिस्त ठेवू नये.

गुळगुळीत फरशीवर मागचे पाय फाकून घसरणाऱ्या कुत्रीसाठी तिच्या रोजच्या वाटेवर सतरंजी किंवा रबरी चटई अंथरणे, तसेच एकाच लांब फेरीऐवजी तिला थोडे थोडे अनेकदा चालवणे हितकारक ठरते. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मात्र कदापि देऊ नयेत. आयबुप्रोफेनने कुत्र्यांच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.