पोटाच्या ऑपरेशननंतर घरच्यांनी काय पाहावे?

ऑपरेशन भंडाऱ्यात होवो की नागपूरच्या मेडिकलमध्ये, खाटेशेजारी घरचा एक माणूस असतोच. "वारा सरला का?" असे डॉक्टरांनी विचारले की तो लाजतो. लाजू नये, आतडी पुन्हा चालू लागल्याची ती खूण आहे. पाणी, पेज केव्हा द्यायची ते सर्जन सांगतील. हल्ली पुष्कळदा पहिल्या दिवशीच घोटभर देतात. दया येऊन चोरून मात्र पाजू नये. टाके तुटतील या भीतीने रुग्णाला निजवून ठेवतात, हे तर सर्वांत वाईट. पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. डॉक्टरांनी सांगताच उठवून चालवावे. खोकताना पोटावर उशी दाबून धरावी. घरी आल्यावर पोट फुगले, हिरवी उलटी झाली, ताप आला किंवा जखमेतून पू आला तर उद्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा.