सुरू न होणारा जुना संगणक

वर्षानुवर्षे पडून असलेला संगणक कळ दाबूनही सुरू झाला नाही, की तो निकामी ठरविण्याची घाई केली जाते. त्याबरोबर त्यातील हिशेब, पत्रे व छायाचित्रेही गेली असे मानले जाते. हा समज बहुधा चुकीचा असतो. यंत्र कोणत्या पायरीवर अडले, हे प्रथम पाहावे.

पंखाच फिरत नसेल, तर दोष बहुतेक वीजपुरवठ्यात असतो. पुरवठ्याची पेटी मात्र उघडू नये. तीतील धारित्रे, म्हणजे कॅपॅसिटर, वीज तोडल्यावरही काही काळ घातक विद्युत्भार धरून ठेवतात.

पंखा फिरतो, परंतु पडदा काळाच राहतो, ही अवस्था अधिक बोलकी होय. आरंभी संगणक स्वतःची तपासणी करतो आणि दोष आढळल्यास पुष्कळ यंत्रे तो ध्वनीने कळवितात; ध्वनीचा अर्थ मात्र निर्मात्यागणिक बदलतो. कित्येकदा स्मृतिपट्टीचे संपर्क मळलेले असतात. वीज तोडून ती पट्टी काढावी व पुन्हा घट्ट बसवावी. एवढ्यानेच काम भागल्याची उदाहरणे थोडी नाहीत. २००० सालानंतरच्या काही वर्षांतील यंत्रांत मुख्य फलकावरील धारित्रांचे माथे फुगलेले दिसतात. सदोष द्रवाची धारित्रे त्या सुमारास पुष्कळ फलकांवर बसविली गेली होती.

नाण्याएवढा ३ व्होल्टचा घट संपला असल्यास घड्याळ चुकते आणि जुळणीच्या नोंदी पुसल्या जातात. मग काही जुनी यंत्रे हार्ड डिस्कच ओळखत नाहीत. घट बदलून नोंदी पुन्हा भराव्या. डिस्कवरील मजकूर तसाच असतो. ‘सर्व नव्याने भरून देतो’ म्हणणाऱ्या दुरुस्तीवाल्याच्या हाती देण्यापूर्वी ती दुसऱ्या संगणकास जोडून मजकूर उतरवून घ्यावा.