तिसऱ्याला दिलेले मत वाया जाते का?



निवडणूक जवळ आली की डोणगावच्या बाजारात, चहाच्या टपरीवर आणि घरातल्या ओट्यावरही एक वाक्य हमखास ऐकू येते : "माणूस चांगला आहे हो, पण निवडून कुठे येणार? त्याला देऊन मत कशाला वाया घालवायचे?" या वाक्यात थोडे शहाणपण आहे आणि थोडी भीतीही आहे. त्यातले खरे किती, हे आज आपण आपल्याच जिल्ह्याच्या आकड्यांवरून तपासून पाहू.

कोणाला मत द्यावे हे सांगणे हा या पाठाचा हेतू नाही. मतदान करणे हे नागरिकाचे नैतिक कर्तव्य आहे, असे आपला धर्मशिक्षणग्रंथ (क्र. २२४०) शिकवतो. कोणाला मत द्यावे, हा निर्णय मात्र प्रत्येकाने आपल्या सदसद्विवेकबुद्धीने घ्यायचा आहे. त्यासाठी हाताशी नीट माहिती हवी.

दोनच बाजू का उरतात?

आपल्याकडे पक्षांना तोटा नाही. तरीही लढत बहुधा दोघांतच होते. याचे कारण आपल्या निवडणुकीच्या नियमात आहे. ज्याला सर्वांत जास्त मते, तो विजयी. निम्म्याहून जास्त मते मिळालीच पाहिजेत असे बंधन नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाला काहीच मिळत नाही. मॉरिस दुव्हर्जे या फ्रेंच अभ्यासकाने १९५१ साली असे मांडले की, अशा नियमामुळे मतदार हळूहळू दोन मोठ्या पक्षांकडे ओढले जातात. आपल्या राज्यात पक्ष दोनच उरले नाहीत, पण त्यांच्या दोन आघाड्या झाल्या. २०२४ च्या निवडणुकांत महायुती आणि महाविकास आघाडी अशा दोन बाजू समोरासमोर होत्या.

बुलढाण्याचे आकडे काय सांगतात?

लोकसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत आपल्या बुलढाणा मतदारसंघात दोन्ही आघाड्यांचे उमेदवार २०२२ साली फुटलेल्या शिवसेनेच्या दोन गटांचे होते. प्रतापराव जाधव यांना ३,४९,८६७ मते मिळाली, तर नरेंद्र खेडेकर यांना ३,२०,३८८. सोयाबीन-कापसाच्या आंदोलनातून पुढे आलेले रविकांत तुपकर अपक्ष उभे होते. त्यांना २,४९,९६३ मते पडली. विजयाचे अंतर होते २९,४७९.

निकालानंतर अनेकांनी एकच हिशेब केला : तुपकरांमुळे मते फुटली. हा हिशेब नीट मांडून पाहू. तुपकरांच्या दर शंभर मतदारांपैकी बाराजण खेडेकरांकडे गेले असते आणि बाकीचे घरी बसले असते, तरी निकाल बदलला असता. म्हणजे "मते फुटली" या म्हणण्यात तथ्य असू शकते. पण ते बाराजण खेडेकरांकडेच गेले असते, जाधवांकडे नाही, हे आपण कशावरून ठरवणार? मतपेटी मतदाराची दुसरी पसंती विचारत नाही.

आता २०१९ पाहा. त्या वर्षी प्रतापराव जाधव यांनी राजेंद्र शिंगणे यांचा १,३३,२८७ मतांनी पराभव केला. वंचित बहुजन आघाडीचे बळीराम सिरस्कार तिसरे आले. त्यांची मते १,७२,६२७ होती. तेव्हाही "वंचितने मते खाल्ली" असे बोलले गेले. पण तो निकाल फिरायला त्यांच्या शंभरातल्या जवळजवळ अठ्ठ्याहत्तर जणांनी शिंगणे यांच्याकडे जायला हवे होते. आरोप दोन्ही वेळी एकच होता, वजन मात्र निराळे. म्हणून "मते फुटली" असे कोणी म्हटले, तर आधी दोन आकडे विचारावेत : अंतर किती होते आणि तिसऱ्याची मते किती होती?

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हरलेल्या उमेदवाराचे मत वाया गेले असे मानायचे, तर खेडेकरांची तीन लाख वीस हजार मतेही वायाच गेली म्हणावी लागतील. असे कोणी म्हणत नाही. तिसऱ्याची मते मुळात दुसऱ्याच्या मालकीची नव्हती. ती ज्याने दिली, त्याची होती.

भीती खोटी नाही

तरीही सावधपणा हवाच. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत बुलढाणा मतदारसंघाचा निकाल अवघ्या ८४१ मतांनी लागला. आपल्या मेहकर मतदारसंघात अंतर ४,८१९ होते. एवढ्या अटीतटीच्या लढतीत दोन-चार गावांची मतेही निकाल फिरवू शकतात. अमेरिकेत २००० साली फ्लोरिडा राज्यात जॉर्ज बुश अवघ्या ५३७ मतांनी पुढे राहिले आणि राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच राज्यात तिसरे उमेदवार राल्फ नेडर यांना ९७ हजारांहून जास्त मते होती. नेडर यांना मत देणाऱ्या पुष्कळांना बुश नको होते. दोन मुख्य उमेदवारांपैकी एकजण निवडून आला तर मोठे नुकसान होईल असे ज्याला मनापासून वाटते, त्याने हा धोका मोजलाच पाहिजे.

मत देण्यापूर्वी तीन प्रश्न

पहिला प्रश्न : या उमेदवाराची आपल्या मतदारसंघात खरी ताकद आहे का? सांगलीत २०२४ साली विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि एक लाखाहून जास्त मतांनी निवडून आले. महाविकास आघाडीचा अधिकृत उमेदवार तेथे तिसऱ्या क्रमांकावर फेकला गेला. कागदावर जो तिसरा होता, तोच प्रत्यक्षात पहिला ठरला. ऊस आंदोलनातून आलेले राजू शेट्टी हातकणंगल्यातून २००९ आणि २०१४ साली खासदार झाले. २०१९ मध्ये ते हरले आणि २०२४ मध्ये तिसरे आले. ताकद कमावता येते, तशी ती ओसरतेही. म्हणून जुन्या निकालावर विसंबू नये.

दुसरा प्रश्न : दोन मुख्य उमेदवारांत मला किती फरक दिसतो? फरक मोठा वाटत असेल आणि लढत चुरशीची असेल, तर त्या दोघांतला बरा निवडणे हा भित्रेपणा नाही. दोघेही सारखेच वाटत असतील, तर तिसऱ्याला मत दिल्याने आपले काही हरवत नाही.

तिसरा प्रश्न : हा उमेदवार निवडणुकीनंतरही दिसणार आहे का? काही उमेदवार केवळ दुसऱ्याची मते कापण्यासाठी उभे केलेले असतात. त्यासाठी उमेदवाराचे शपथपत्र वाचावे. त्यात मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हे यांची माहिती असते, आणि निवडणूक आयोग ते सर्वांना पाहायला ठेवतो. त्याहून सोपी परीक्षा म्हणजे, गेल्या पाच वर्षांत तो लोकांच्या अडचणीत कुठे होता, हे विचारणे.

हरलेले मत काय करते?

पुढील दोन गोष्टी नियमानेच ठरलेल्या आहेत. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते मिळाली, तर उमेदवाराची अनामत रक्कम वाचते. तुपकरांची वाचली. दुसरे म्हणजे, राज्यात एकूण वैध मतांच्या आठ टक्के मते मिळवणारा पक्ष, जागा न मिळताही, राज्य पक्ष म्हणून मान्यतेला पात्र ठरतो. 'वरीलपैकी कोणीही नाही' या बटणाचे तसे नाही. २०१९ साली लातूर ग्रामीणमध्ये त्या बटणाला २७,५०० मते मिळून ते दुसऱ्या क्रमांकावर आले, पण निकालावर त्याचा काहीही परिणाम झाला नाही. त्या मतातून नाराजी कळते, मागणी कळत नाही.

तिसऱ्याला दिलेल्या मतातून मात्र मागणी कळू शकते. २०२४ च्या विधानसभा प्रचारात सोयाबीनचा भाव मोठा विषय झाला. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना एका बाजूने सहा हजारांचा शब्द दिला, दुसऱ्या बाजूने सात हजारांचा. हे केवळ बुलढाण्याच्या अडीच लाख मतांमुळे घडले असे म्हणता येणार नाही. पण भावाच्या प्रश्नावर लढणाऱ्याला एवढी मते पडलेली असताना तो प्रश्न टाळणेही कोणाला परवडणारे नव्हते. शब्द पाळला जातो की नाही, हे पाहणे आपल्याकडे उरते.

सारांश असा : तिसऱ्याला दिलेले मत आपोआप वाया जात नाही आणि आपोआप सार्थकीही लागत नाही. विचार करून दिलेले मत हरले, तरी त्याचा उपयोग होतो. वाऱ्याबरोबर, पैसे घेऊन किंवा जातीकडे पाहून दिलेले मत जिंकले, तरी ते खऱ्या अर्थाने वाया गेलेले असते.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. मागच्या निवडणुकीत आपण मत कशाकडे पाहून दिले : उमेदवार, पक्ष की "कोण येणार" याचा अंदाज?

२. आपल्या गावाचा कोणता प्रश्न दोन्ही बाजूंचे उमेदवार टाळतात? तो त्यांच्यापुढे कसा ठेवता येईल?

३. घरातील वडीलधारे आणि प्रथमच मतदान करणारी मुले यांची मते वेगळी असतील, तर एकमेकांचा मान राखून त्याबद्दल कसे बोलावे?