वॉलेट, किल्ली आणि प्लगिन

संगणकाचे शिक्षण घेणारी आपली मुले हल्ली दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःची भर घालू लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु ज्या सॉफ्टवेअरवर लोकांचा पैसा विसंबून आहे, त्यात भर घालताना कोणती पथ्ये पाळावीत, याचा विचार वर्गात फारसा होत नाही. तो थोडक्यात मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम वॉलेट म्हणजे काय ते पाहू. नावावरून वाटते की, आपले बिटकॉइन त्यात ठेवलेले असतात. वास्तविक तसे नाही. कोणत्या पत्त्यावर किती रक्कम आहे, याची खातेवही जगभरच्या हजारो संगणकांवर सारखीच लिहिलेली असते. वॉलेटमध्ये असते ती खाजगी किल्ली, म्हणजे एक अतिशय मोठी गुप्त संख्या. तिच्या आधारे व्यवहारावर सही होते. ज्याच्या हाती ही संख्या, त्याच्या हाती पैसा. चोरी झाल्यास व्यवहार उलटा फिरवून देणारी बँक येथे नाही.

इलेक्ट्रम हे असेच एक वॉलेट. थॉमस व्होग्टलिन यांनी ते 2011 साली पायथन भाषेत सुरू केले. ते मुक्त स्रोत आहे. म्हणजे त्याचा कोड कोणीही वाचावा, तपासावा आणि बदलावा. मूळ कोड आटोपशीर राहावा म्हणून पुष्कळशा जादा सोयी प्लगिनच्या रूपाने जोडतात. मूळ प्रोग्रॅममध्ये ठरावीक जागी 'हुक', म्हणजे जणू खुंट्या ठेवलेल्या असतात. वॉलेट उघडले किंवा सही करण्याची वेळ आली, की त्या त्या खुंटीला अडकवलेला प्लगिनचा कोड चालतो. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, हा कोड मूळ प्रोग्रॅमच्याच घरात चालतो. मध्ये भिंत नसते.

म्हणूनच इलेक्ट्रमच्या नियमांत एक अट आहे, ती प्रत्येक विद्यार्थ्याने मनात कोरून ठेवावी. प्लगिन असे असावे की, उद्या ते काढून टाकले तरी वापरणाऱ्याचा पैसा धोक्यात येता कामा नये. तशी खात्री नसेल, तर ते स्वीकारले जात नाही.

ही अट कशी पाळतात, याची दोन उदाहरणे घेऊ. व्यवहारांवर आपण लिहिलेली टिपणे दोन संगणकांवर सारखी ठेवणारे एक प्लगिन आहे. ते टिपणे सर्व्हरकडे पाठवण्यापूर्वीच सांकेतिक करते, आणि त्यासाठी खाजगी किल्लीला हातही लावत नाही. ते बंद पडले, तर फार तर टिपणांची देवाणघेवाण थांबेल. दुसरे ट्रस्टेडकॉइनचे. त्यात 3 किल्ल्या असतात आणि सहीला कोणत्याही 2 पुरतात. एक किल्ली सेवा देणाऱ्याकडे असते. उरलेल्या दोन धन्याने जपून लिहून ठेवलेल्या बीजशब्दांतून पुन्हा काढता येतात. सेवा उद्या नाहीशी झाली, तरी धनी अडकून पडत नाही.

आता उलट उदाहरण. इव्हेंट-स्ट्रीम नावाचा एक लहानसा कोडसंग्रह अनेक प्रोग्रॅम वापरीत असत. 2018 साली मूळ लेखकाने त्याची देखभाल मदतीला आलेल्या एका अपरिचिताकडे सोपवली. त्याने आणखी एक छोटा संग्रह त्याला जोडला. त्यातला घातकी भाग सांकेतिक भाषेत दडवलेला होता, आणि तो कोपे या वॉलेटमध्ये पोहोचल्यावरच उलगडत असे. काम एकच, मोठ्या रकमांच्या किल्ल्या चोरणे. नोव्हेंबर 2018 मध्ये हे उघडकीस आले. तोवर कोपेच्या 5.0.2 ते 5.1.0 या आवृत्त्यांत तो शिरला होता. कोड सर्वांसमोर उघडा होता, पण उघडा असणे आणि कोणी वाचलेला असणे, यांत अंतर आहे.

मेटामास्कने 2023 मध्ये आणलेल्या 'स्नॅप्स'मध्ये यावर उपाय योजलेला दिसतो. तेथे जोडकोड वेगळ्या बंदिस्त खोलीत चालतो, आणि लागणाऱ्या परवानग्यांची यादी आधीच द्यावी लागते. उपाय चांगला, परंतु परवानगी मागणारा शेवटी माणूसच असतो.

तेव्हा प्लगिन लिहिणाऱ्याने आरंभीच स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हे काम किल्लीला न शिवता होईल का? मी दुसऱ्याचा जो कोड उचलला, तो मी वाचला आहे का? आणि माझे प्लगिन उद्या नाहीसे झाले, तर कोणाचे नुकसान होईल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर "कोणाचेही नाही" असे येईपर्यंत कोड दुसऱ्याच्या हाती देऊ नये.

मराठीतला 'अनामत' हा शब्द अरबी 'अमानत'वरून आला. विश्वासाने सोपवलेली वस्तू, असा त्याचा अर्थ. परक्याची किल्ली ही अनामतच होय. ती जपण्याचा उत्तम मार्ग म्हणजे, गरज नसेल तेथे ती मागूच नये.