वेबपानावरील घटकांची नावे : एक पाठ

वसतिगृहात प्रत्येक मुलाच्या पेटीवर त्याचा क्रमांक रंगवलेला असतो. वेबपानावरील परिच्छेद, तक्ता, छायाचित्र यांनाही अशी स्वतंत्र ओळख देता येते. तिला आयडी म्हणतात. आयडी एचटीएमएलमध्ये लिहितात आणि सीएसएसमध्ये त्याच्या आधी हॅश चिन्ह देऊन त्या घटकाचे रूप ठरवतात.

१९९९ च्या एचटीएमएल ४.०१ मध्ये आयडीचा आरंभ रोमन अक्षरानेच करावा लागे. २०१४ च्या एचटीएमएल ५ ने हे बंधन सैल केले. आयडी रिकामा नसावा, त्यात मोकळी जागा नसावी आणि पानावर तो एकदाच यावा, एवढेच नियम उरले. सीएसएस मात्र अधिक काटेकोर आहे. तेथे इंग्रजी अंकाने सुरू होणारे नाव सरळ लिहिल्यास तो संपूर्ण नियमच दुर्लक्षिला जातो. म्हणून आधी 'तुकडी' हा शब्द व मग वर्ष लिहावे. देवनागरी अक्षरे दोन्हीकडे वैध आहेत. 'माजी-विद्यार्थी' चालते, परंतु जोडरेघ काढून मोकळी जागा ठेवल्यास ते अवैध ठरते.

आम्ही विद्यार्थ्यांना आणखी एक गोष्ट सांगतो : नाव रंगावरून नव्हे, अर्थावरून ठेवा. 'लाल-चौकट' उद्या निळी होईल. नाव बदलावे लागले, की जुने दुवे निकामी होतील. आणि दोन तुकड्यांच्या छायाचित्रांना एकच आयडी दिला, तर दुवा नेहमी पहिल्याच छायाचित्रापाशी नेईल. दूरगावी बसून आपली तुकडी शोधणाऱ्या माजी विद्यार्थ्याला मग दुसऱ्यांचेच चेहरे दिसतील. नाव नेमके असणे, हा त्याच्याविषयीचा आपला आदर आहे.