झोपेतील कण्हणे : भीती नको, माहिती हवी

जागेपणी माणूस कण्हतो तो वेदनेमुळे. साहजिकच झोपेत कोणी कण्हू लागले, की घरच्यांना पहिली शंका येते ती दुखण्याची आणि दुसरी ‘बाहेरच्या बाधेची’. काही व्यक्तींच्या बाबतीत या दोन्ही शंका निराधार असतात. त्यांचे कण्हणे हा श्वासोच्छ्वासाशी निगडित असा एक दुर्मिळ निद्राविकार असतो. वैद्यकशास्त्रात त्यास ‘कॅटाथ्रेनिया’ म्हणतात.

या विकाराचे पहिले शास्त्रीय वर्णन 1983 मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी केले. 2001 मध्ये इटलीतील वैद्यांनी त्यास विलापवाचक ग्रीक शब्दावरून आजचे नाव दिले. झोपेतील असंबद्ध वर्तनाचा हा प्रकार असावा, असे प्रारंभी मानले जाई. 2014 च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात मात्र त्याची गणना झोपेतील श्वसनाशी संबंधित बाबींत करण्यात आली.

घोरणे आणि कण्हणे

घोरण्याचा आवाज मुख्यतः श्वास आत घेताना होतो. हे कण्हणे श्वास सोडताना होते. निद्रिस्त व्यक्ती प्रथम दीर्घ श्वास घेते. नंतर तो अतिशय सावकाश बाहेर पडतो व त्याबरोबर एकसुरी आवाज उमटतो. काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक काळ तो टिकतो. असे आवर्तन पुनःपुन्हा होते. स्वप्ने पडणाऱ्या झोपेत, म्हणजे बहुधा उत्तररात्री, त्याचे प्रमाण वाढते. चेहऱ्यावर यातनेचे चिन्ह नसते आणि सकाळी त्या व्यक्तीस काहीही आठवत नाही.

वसतिगृहातील प्रश्न

या विकाराचा आरंभ बहुधा किशोरवयात वा तरुणपणी होतो. त्यामुळे पुण्यातील कोथरूडसारख्या विद्यार्थिबहुल वस्तीत ही माहिती विशेष उपयुक्त ठरावी. 1983 मध्येच कोथरूड येथे महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही संस्था स्थापन झाली. आज या परिसरातील वसतिगृहांत व भाड्याच्या खोल्यांत जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली मुलेमुली एकत्र राहतात. घरी केवळ आईच्या कानी पडणारा आवाज तेथे चेष्टेचा विषय होऊ शकतो. स्वतःला तो ऐकू येत नसल्याने विद्यार्थी प्रथम अविश्वास दाखवितो, मग संकोचतो, प्रवास टाळतो, एकटा पडतो. अशा वेळी वसतिगृहप्रमुखाने केवळ खोली बदलून न थांबता त्यास वैद्यकीय सल्ल्याकडे वळविणे इष्ट होय.

निदान आणि उपचार

विद्यार्थ्याच्या संमतीने सोबत्याने मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित केल्यास डॉक्टरांना मोठे साहाय्य होते. निश्चित निदानासाठी रात्रभराची, चित्रीकरणासह निद्राचाचणी करतात. दीर्घ उच्छ्वास हा श्वास थांबल्यासारखा भासण्याची शक्यता असल्याने ती जाणकाराकडून तपासून घ्यावी. मोठ्याने घोरताना श्वास अडकणे, दिवसा अनावर झोप येणे, हातपायांना झटके येणे, जीभ चावली जाणे ही लक्षणे मात्र श्वासावरोध, अपस्मार यांसारख्या अन्य विकारांची असू शकतात. त्यांत विलंब करू नये.

कॅटाथ्रेनियावर सर्वमान्य असे औषध नाही. नाकावरील मुखवट्यातून दाबाने हवा देणाऱ्या ‘सीपॅप’ यंत्राने काहींचे कण्हणे कमी होते. काहींना जबड्यात बसविण्याच्या साधनाचा उपयोग होतो. अनेकांना समजूत पुरते व सोबत्यास कानातील बोळे.

बाधा नव्हे

अज्ञानाची खरी किंमत द्यावी लागते ती मांत्रिकाच्या दारी. भूत उतरविण्याच्या बहाण्याने बांधून ठेवणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे ही कृत्ये 2013 च्या महाराष्ट्र नरबळी व जादूटोणा प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहेत. त्यांस सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास व पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंडाची तरतूद आहे. तथापि शिक्षेची वेळ येण्यापूर्वीच त्या कुटुंबास प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखविणे, हे पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या हाती आहे. रात्री कण्हणारे मूल बाधित नसते, ढोंगीही नसते, ही गोष्ट गावात विश्वासाने सांगणारी एक व्यक्ती असली, तरी एखाद्या मुलाची मारहाणीतून सुटका होऊ शकेल.